माग, मान आणि पंगत

अहिल्यानगर शहराच्या जुन्या वस्तीतली नावे वाचत चालले तरी धंद्यांची यादी तयार होते : तेलीखुंट, माळीवाडा, मोची गल्ली, बुरूड गल्ली, दाळमंडई, सराफ बाजार. आज ही नावे आपण पत्ता सांगण्यापुरती घेतो. ती पडली तेव्हा त्या त्या भागात एका धंद्याची माणसे शेजारी शेजारी राहत होती. त्यांचा देव एक होता, पंच एक होते, लग्नकार्यातली पंगत एक होती आणि बाजारातली पतही पुष्कळशी एकमेकांवर अवलंबून होती. पुढील पानांचा विषय हे एकत्र जगणे आहे. धंद्याच्या बांधणीतून उभे राहिलेले सण, मानपान, पंचायती, पंगती, मिरवणुका आणि अडीअडचणीला उभे राहण्याची रीत यांचा तो शोध आहे.

या शोधाच्या मध्यभागी विणकर आहेत. नगर शहरातल्या हस्तव्यवसायांत विणकामाचे स्थान दीर्घकाळ सर्वांत मोठे होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. इतर अनेक धंद्यांचे सामूहिक आचार धंद्याबरोबर विरून गेले. विणकरांच्या घरातला माग गेला, पण त्यांचा सण गेला नाही. गांधी मैदानाजवळच्या मार्कंडेय मंदिरातून नारळी पौर्णिमेला निघणारी मिरवणूक आजही शहराच्या ओळखीचा भाग आहे. मिरवणुकीत चालणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी आयुष्यात धोटा फेकलेला नाही. मग ते तिथे का येतात, आणि त्यांच्या पणजोबांच्या काळी ही मिरवणूक नेमके कोणते काम करत होती, हा प्रश्न साधा नाही.

माझे म्हणणे असे आहे : या समाजांत सणाच्या रूपानेच धंद्याचा कायदा नांदत होता. कामाला सुट्टी कधी, नवशिक्याला कारागीर कधी मानायचे, विधवेच्या घरात धान्य कोणी पोचवायचे, वाकडे वागणाऱ्याला ताळ्यावर कसे आणायचे, हे सगळे ठरवणारा लेखी दस्तऐवज बहुतेक ठिकाणी नव्हता. ते ठरत होते ते देवळाच्या ओसरीवर, विडा देताना, पंगतीत पाट मांडताना. म्हणून या आचारांकडे धार्मिक हौस म्हणून पाहिले तर त्यांचा अर्धा अर्थ हातून निसटतो.

या बांधणीची मुळे खूप जुनी आहेत, आणि त्यांचे पुरावे आपल्या शेजारीच आहेत. नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने ३,००० कार्षापण कायमचे ठेवले आणि ते ठेवले गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे : २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा देण्याचा हिशेब त्यात तंतोतंत बसतो. मुद्दल कधीही परत मागायचे नाही, अशी अटही आहे. राजाच्या जावयाने विणकरांच्या संघटनेवर एवढा भरवसा टाकावा, याचा अर्थ ती संघटना माणसाच्या आयुष्याहून दीर्घकाळ टिकेल असे त्या काळच्या समाजाला वाटत होते. अकोले तालुक्याच्या डोंगरांपलीकडे असलेल्या जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. नाणेघाटातून देशावर चढणारा व्यापार ज्या हातांवर उभा होता ते हात असे संघटित होते.

मध्यंतरीच्या शतकांत या श्रेणींचे रूप बदलले. धंदा आणि जात यांची सांगड घट्ट झाली, आणि श्रेणीचे बरेचसे काम जातीच्या पंचायतीने उचलले. शहरांच्या पेठांत शेटे आणि महाजन असत. त्यांना वतनाबरोबर मानही असे. सणाला पहिला विडा कोणाचा, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, होळीची पोळी कोणाची, यावरून झालेल्या तंट्यांचे कागद मराठी दप्तरांत भरपूर सापडतात. आजच्या वाचकाला हे तंटे क्षुल्लक वाटू शकतील. पण ज्याचा विडा पहिला त्याने पेठ वसती ठेवायची, व्यापाऱ्याला अभय द्यायचे, सरकारकडे रदबदली करायची, अशी जबाबदारी त्या मानाला चिकटलेली होती. मान गेला म्हणजे अधिकार गेला, आणि म्हणून माणसे त्यासाठी वर्षानुवर्षे भांडली.

धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावरील ग्रंथात शहरी कारागिरांच्या संघटनांचा विचार केला आहे. गुजरातेत, विशेषतः अहमदाबादेत, महाजन आणि नगरशेठ यांची संस्था जितकी बळकट होती तितकी ती दख्खनच्या शहरांत दिसत नाही. नगरमध्ये एका धंद्याचे सारे लोक एका छपराखाली आणणारा महाजन उभा राहिला नाही. विणकामासारखा एकच धंदा इथे साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन अशा निरनिराळ्या समाजांत वाटला गेला होता. प्रत्येकाची पंचायत वेगळी, देव वेगळा, घरातली बोली वेगळी. या वेगळेपणामुळे एकीकडे धंद्याची सौदा करण्याची ताकद घटली. दुसरीकडे प्रत्येक समाजाचे आतले जीवन मात्र विलक्षण समृद्ध झाले.

अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या या शहराला दरबारामुळे उंची वस्त्रांचे गिऱ्हाईक मिळाले. पुढे दरबार गेला, पण आसपासच्या खेड्यांतल्या बायकांची लुगडी हे कायमचे गिऱ्हाईक राहिले. भिंगार आणि संगमनेर इथेही माग होते. शेवगावच्या पलीकडे, गोदावरीच्या काठी पैठण, वर येवले, खाली सोलापूर अशी विणकर गावांची मोठी पट्टी या जिल्ह्याला वेढून आहे. पद्मशाली हे मूळचे तेलुगू भाषक. तेलंगणातून पश्चिमेकडे सरकत ते सोलापूर, नगर, संगमनेर, पुढे भिवंडी-मुंबईपर्यंत पोचले. घरात तेलुगू आणि बाजारात मराठी अशी दुहेरी जीभ त्यांनी कित्येक पिढ्या सांभाळली. या जिल्ह्याला आता ज्यांचे नाव आहे त्या अहिल्याबाई होळकर १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्मल्या. नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी नेल्यावर त्यांनी बाहेरून विणकर आणून तिथे वसवले. महेश्वरी साडी ही त्याच धोरणाची देणगी. विणकराला घर, काम आणि देऊळ तिन्ही एकत्र मिळाल्याशिवाय तो गाव धरत नाही, हे जाणणाऱ्या राज्यकर्त्या त्या होत्या.

प्रत्येक विणकर समाजाने आपल्या धंद्याचा आरंभ देवांच्या दारात नेऊन ठेवला आहे. स्वकुळ साळी समाजाचे भगवान जिव्हेश्वर शंकराच्या जिभेतून प्रकटले आणि त्यांनी देवांसाठी वस्त्र विणले. देवांग कोष्ट्यांची कुलस्वामिनी चौंडेश्वरी. तिच्या कृपेने देवल मुनींचे विणकाम निर्विघ्न पार पडले. पद्मशालींच्या परंपरेत मार्कंडेय ऋषींचे पुत्र भावना ऋषी विष्णूच्या नाभिकमळाच्या तंतूंपासून पहिले वस्त्र विणतात. तेलंगणात ही कथा कागदी-कापडी लांबलचक चित्रपट उलगडत सांगणारे कूनपुली नावाचे वेगळे कथेकरी आहेत. ते फक्त पद्मशालींच्या दारी येतात, आणि त्यांचा निर्वाह हे पद्मशालींचे कर्तव्य मानले जाते. एका धंद्याने आपला इतिहास सांगायला एक अख्खी जमात पोसावी, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. गावगाड्यात कनिष्ठ मानले गेलेले हात या कथांच्या आधारे स्वतःला देवांचे वस्त्रकार म्हणवत होते. खांद्यावरचे जानवे हा त्या दाव्याचा दृश्य पुरावा होता.

आता पंचांग पाहू. श्रावण शुद्ध त्रयोदशीला जिव्हेश्वर जयंती, आणि दोनच दिवसांनी नारळी पौर्णिमा, पद्मशालींचा सर्वांत मोठा सण. विणकरांचे दोन मोठे उत्सव श्रावणातच का यावेत, याचे उत्तर पुराणात शोधता येईल. मला ते मागाच्या कामातही दिसते. हातमागाचा ताणा तयार करायचा तर सूत लांबलचक मोकळ्या जागेत पसरावे लागते, त्याला खळ लावावी लागते, कुंचा फिरवून धागा न् धागा सुटा करत वाळवावा लागतो. गल्ली हेच या कामाचे आवार. पावसाळ्यात ते आवार बंद होते. त्याच महिन्यांत गिऱ्हाईकही आटते : शेतकऱ्याचा पैसा पेरणीत गेलेला असतो, सुगी लांब असते, आणि लग्नांचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरच उघडतात. लुगड्यांना उठाव नाही, सुताला ऊन नाही, अशा दिवसांत विणकराच्या घरी रिकामपण आणि उधारी एकदमच येत. समाजाने नेमक्या त्याच दिवसांत सर्वांना देवळात बोलावले, वर्गणी गोळा केली आणि पंगत मांडली. वर्षातल्या सर्वांत अवघड आठवड्यांत माणूस एकटा पडू नये, अशी ही योजना होती.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी माग बंद असतात. सकाळी देवळात होम होतो, पुरुष जुने जानवे उतरवून नवे घालतात, बहिणी राखी बांधतात. मग पालखी किंवा रथ निघतो. पद्मशाली उत्सवांत, विशेषतः सोलापूरच्या रथोत्सवात, मिरवणुकीत हातमाग ठेवून वस्त्र विणायचे आणि ते मार्कंडेयांना अर्पण करायचे अशी रीत आहे. मला हा या उत्सवाचा गाभा वाटतो. एरवी विणकराचे काम घराच्या अंधाऱ्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून, व्यापाऱ्याच्या सुतावर चालते. या एका दिवशी तो तेच काम भर रस्त्यात, शहरासमोर, देवासाठी करतो. त्या वस्त्राला भाव नसतो आणि त्यावर कोणाची आगाऊ रक्कमही चढलेली नसते. स्वतःच्या कौशल्याचा मालक असल्याचा अनुभव त्याला वर्षातून एकदा सार्वजनिकपणे मिळतो.

आश्विनातल्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. क्षत्रियांच्या तलवारीइतकाच मान त्या दिवशी कारागिराच्या अवजाराला असतो : साळ्याच्या मागाला आणि धोट्याला, सुताराच्या रंध्याला, लोहाराच्या ऐरणीला, शिंप्याच्या कात्रीला. अवजारे धुऊन पुसून, दुरुस्त करून मांडायची, म्हणजे वर्षातून एकदा धंद्याच्या भांडवलाची देखभालही सक्तीने व्हायची. इतर धंद्यांनी आपापल्या संतांच्या पुण्यतिथ्या धरल्या. नामदेव शिंप्यांचे, नरहरी सोनारांचे, गोरोबा कुंभारांचे, सावता माळ्यांचे, सेना नाभिकांचे, संताजी जगनाडे तेल्यांचे. संत सगळ्यांचे असले तरी पुण्यतिथीची वर्गणी, कीर्तन आणि महाप्रसाद यांची जबाबदारी त्या त्या समाजाची असे. पंढरीच्या वाटेवर सगळे एकत्र, आणि गावात आपापल्या संताच्या छायेत संघटित, अशी ही दुहेरी रचना महाराष्ट्राची खास आहे. इथे एका कारागीर समाजाची ओळख भक्तीच्या मोठ्या प्रवाहात विरघळत नाही. ती त्या प्रवाहातूनच प्रतिष्ठा मिळवते.

नगरच्या मोहरमचाही इथे उल्लेख केला पाहिजे. बारा इमाम कोठल्याच्या सवाऱ्यांत शहरातल्या अनेक जातिधर्मांची माणसे नवस घेऊन येत आली आहेत. मागावर जवळजवळ बसणाऱ्या साळी आणि मोमीन यांचे देव वेगळे होते. सुताचा व्यापारी, बाजारभाव आणि मंदी मात्र एकच होती. एकमेकांच्या सणाला काम थांबवणे आणि वाट मोकळी ठेवणे हा त्यांच्यातला न लिहिलेला करार होता.

पंगतीचा विषय थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण या समाजांचे अर्थकारण तिथे दिसते. समाजाच्या मालकीची मोठी पातेली, हंडे, पराती, सतरंज्या देवळात ठेवलेल्या असत. ज्याच्या घरी कार्य त्याने त्या न्यायच्या, घासूनपुसून परत द्यायच्या, आणि ऐपतीप्रमाणे देवापुढे काही ठेवायचे. गरिबाचे लग्न आणि श्रीमंताचे लग्न एकाच भांड्यांत शिजे. पंचांनी केलेला दंडही याच सामाईक गंगाजळीत जाई. त्यातून देवळाची डागडुजी होई, एखाद्याच्या अंत्यविधीचा खर्च निघे, नवे भांडे येई. गुन्हा केलेल्या माणसाला पुन्हा गोतात घ्यायचे तर त्याने जेवण घालायचे आणि पंचांनी त्याच्या ताटाशेजारी बसून घास घ्यायचा. न्यायाचा शेवट सहभोजनात होणे, ही या पंचायतींची उजवी बाजू होती.

डावी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या पंगतीत बसवून समाज माणसाला आपला म्हणतो त्याच पंगतीतून उठवून तो त्याचे जगणे अशक्य करू शकतो. वाळीत टाकलेल्या माणसाला विस्तव मिळत नसे, मुलांना स्थळ येत नसे, आणि धंदा जातीतच बांधलेला असल्यामुळे कामही मिळत नसे. पंच बहुधा पैसेवाल्या घरांतले, पुष्कळदा सूत देणारे आणि माल घेणारेही तेच; त्यामुळे कर्जदार विणकराला त्यांच्यापुढे तोंड उघडणे अवघड जाई. आणि पंचांत बाई नसे. तिच्या चारित्र्याचा, घटस्फोटाचा, पुनर्विवाहाचा निवाडा तिच्या अनुपस्थितीत होई.

जिल्ह्यात या दोन्ही बाजू एकत्र पाहायच्या असतील तर पाथर्डी तालुक्यातल्या मढीला जावे. कानिफनाथांच्या या स्थानाला भटक्यांची पंढरी म्हणतात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते. रंगपंचमी हा मुख्य दिवस. गोपाळ, कैकाडी, वैदू, बेलदार, कुंभार, कोल्हाटी अशा अठरापगड जमाती तिथे आपापले मान घेऊन येतात. कोणाची होळी मानाची, कोणाची काठी मानाची. गाढवांचा प्रसिद्ध बाजार भरतो, कारण माती, दगड, विटा वाहणाऱ्या या धंद्यांचे मुख्य भांडवल गाढव हेच होते. वर्षभर रानोमाळ विखुरलेल्या माणसांना सोयरिकी जुळवायला, कर्जे फेडायला आणि तंटे मिटवायला हेच एक ठिकाण होते. म्हणूनच अनेक जातींच्या पंचायती इथे बसत, आणि त्यांतले काही निवाडे माणुसकीला काळिमा फासणारे असत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम चालवली. विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली संमत केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. या कायद्याचे मी मनापासून स्वागत करतो. मढीची यात्रा पंचायतीच्या जाचाशिवायही भरू शकते, आणि भरते आहे.

स्त्रियांच्या वाट्याला परत येतो, कारण या इतिहासात त्यांचे नाव सर्वांत कमी येते. कांड्या भरणे, सूत उकलणे, तुटलेले धागे सांधणे, खळ शिजवणे ही कामे घरातल्या बायकामुली करत. एक माग चालायचा तर त्यामागे दोन-तीन माणसांचे हात लागत, आणि मजुरी मात्र एकच मिळे, ती मागावर बसणाऱ्याच्या हाती. त्यामुळे विणकराच्या घरी लग्न हा धंद्याचाही करार होता. मिरवणुकीत पुरुष पुढे असले तरी या स्त्रियांनी स्वतःचे सण राखले. पद्मशाली स्त्रियांनी तेलंगणातून बतकम्मा बरोबर आणली : नवरात्राच्या सुमारास फुलांची उतरंड रचून, तिच्याभोवती फेर धरून तेलुगू गाणी म्हणायची. मराठी शाळेत शिकलेल्या नातींच्या तोंडी आजीची भाषा पोचली ती या फेरातून. पंचांच्या बैठकीत जागा नसलेल्या बायकांची ही स्वतःची सभा होती.

मग माग कसे गेले? गिरण्यांचे स्वस्त कापड हे मुख्य कारण सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळांनी दिलेले तडाखे मात्र आपण विसरतो. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळला. पीक बुडाले की शेतकरी आधी कपड्याची खरेदी थांबवतो. त्यामुळे बाजारात धान्य असतानाही ते विकत घेण्याचे साधन विणकराकडे राहत नाही. अशा संकटापुढे गल्लीची गंगाजळी अपुरी पडली, कारण सगळी गल्ली एकाच वेळी उपाशी होती. समान धंद्यावर उभ्या असलेल्या साहाय्याची ही मर्यादा समजून घेतली पाहिजे. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनने याच काळात औद्योगिक शिक्षण सुरू केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनचे अभियंता डी. सी. चर्चिल यांनी इथे सुधारित हातमाग तयार केला. वेग वाढला तरी सूत आणि बाजार विणकराच्या ताब्यात आले नाहीत. पुढे यंत्रमाग आले आणि विणकाम भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरकडे एकवटले.

नगर आणि संगमनेरच्या पद्मशाली घरांत मागाच्या जागी विडी आली. पाने कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मोजून विड्या कारखान्यात द्यायच्या. पुन्हा घरातच काम, पुन्हा उक्त्यावर मजुरी, आणि या वेळी कमावणारी व्यक्ती प्रामुख्याने बाई. या बायका कामगार संघटनेत आल्या, मोर्चांत चालल्या. विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्रीय कायदा झाला. पुढे कल्याण निधी, घरकुले आली. पंचायतीने जिला कधी बोलावले नव्हते ती बाई युनियनच्या सभेत हात वर करून बोलू लागली. धंद्याच्या संघटनेचा इतिहास लिहिताना या टप्प्याला मी उत्सवाइतकेच महत्त्व देतो.

पंचायतीचे चांगले काम पुढे कोणी उचलले, याचे उत्तर या जिल्ह्यात तरी ठळक आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. कारागिरांच्या जुन्या संघटनांचा अभ्यास केलेला अर्थशास्त्रज्ञ नव्या सहकाराच्या पायाभरणीला उभा होता. सहकारात सभासदत्व जातीवर ठरत नाही, हिशेब कागदावर असतो आणि मत प्रत्येकाला एक असते. हा फरक मूलभूत आहे. तरी माणसे एकमेकांच्या भरवशावर भांडवल उभे करतात, ही उषवदाताच्या लेखातली गोष्ट मात्र तीच. विणकर समाजांनीही आपल्या देवस्थानांभोवती शाळा, वसतिगृहे, पतसंस्था, सामुदायिक विवाह उभे केले. नगरच्या गांधी मैदानावर मार्कंडेयांच्या नावाचे देऊळ आहे तशी शाळाही आहे. वर्गणी तीच, तिचे काम बदलले.

असे रूपांतर इतरत्रही झाले आहे. लंडनच्या विणकर मंडळाकडे ११५५ सालची राजाची सनद आहे. तिथेही आता माग नाहीत, पण मेजवान्या, मानचिन्हे आणि दानधर्म चालू आहे. फरक एवढा, की त्या मंडळाकडे सनद, दप्तर, आठशे-नऊशे वर्षांची कागदपत्रे आहेत. आपल्या पंचायतींचा कारभार बहुतेक तोंडी चालला. दंडाच्या वह्या, वर्गणीच्या याद्या, समाजाच्या भांड्यांवर कोरलेली देणगीदारांची नावे, जुन्या लग्नपत्रिका, मिरवणुकीची छायाचित्रे हीच आपली सनद आहे, आणि ती झपाट्याने नाहीशी होत आहे. जुनी भांडी मोडीत जातात, वह्यांना वाळवी लागते, आणि ज्यांनी स्वतः माग चालवला ती पिढी आता फार थोडी उरली आहे.

म्हणून वाचकाला माझी एक विनंती आहे, विशेषतः जो अशा एखाद्या समाजात जन्मला आहे त्याला. आपल्या घरातल्या वृद्धांना उत्सवाचे वर्णन विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. वर्गणी कशी ठरे, कोणाला माफ होई, पंचांनी कोणता निवाडा चुकीचा दिला, आजारी माणसाचा माग कोण चालवून देई, पहिल्यांदा मागावर बसलेल्या मुलाच्या हाती काय ठेवत, बायका कोणत्या कामाला कंटाळत, हेही विचारून लिहून ठेवा. अभिमानाच्या गोष्टींबरोबर लाजेच्या गोष्टीही लिहा. बहिष्कार घालणारी पंचायत आणि अंत्यविधीचा खर्च उचलणारी पंचायत ही एकच होती. एक बाजू गाळून दुसरी समजणार नाही.

आज या उत्सवांना भव्यता येते आहे. ध्वनियंत्रणा मोठी झाली, फलक मोठे झाले. त्याबद्दल मला तक्रार करायची नाही. लोक एकत्र येतात हे मोलाचेच आहे. पण जुन्या उत्सवाची कसोटी दुसऱ्या दिवशी लागत असे. काल शेजारी बसून जेवलेला माणूस आज अडचणीत असेल तर त्याच्याकडे जाणे भाग होते. जातीची भिंत आणि पंचांचा जाच बाजूला ठेवून हे भाग असणे आपल्याला टिकवता येईल का, हा या विषयाने आपल्यापुढे ठेवलेला खरा प्रश्न आहे. सहकाराने, कामगार संघटनांनी, चांगल्या चाललेल्या समाजसंस्थांनी त्याची काही उत्तरे दिली आहेत. घरून काम करणारी शिलाई कामगार, मालवाहू रिक्षा चालवणारा, मोबाइलवरून मागणी घेऊन घरोघरी सामान पोचवणारा तरुण, ही आजच्या शहरातली विखुरलेली कारागीर माणसे आहेत. त्यांना पेठ नाही, पंगत नाही, सामाईक गंगाजळी नाही. विणकरांनी शेकडो वर्षांत जे कमावले आणि जे चुकले, त्याचा अभ्यास त्यांच्यासाठी सर्वांत उपयोगाचा आहे. पुढील पाने वाचताना वाचकाने त्यांना विसरू नये, एवढेच सांगून मी ही प्रस्तावना पुरी करतो.